बारावीच्या गणिताचा रेकॉर्डेड कोर्स: एप्रिल ते फेब्रुवारी वापरून झाल्यावर

ज्यांना थोडक्यात हवं त्यांच्यासाठी आधीच सांगते. कोर्स घ्यायला हरकत नाही, पण ‘हा घेतला की ट्युशन नको’ या जाहिरातीच्या भरवशावर घेऊ नका. नाव मुद्दाम लिहीत नाही. असे चार-पाच कोर्स बाजारात आहेत आणि इतर पालकांकडून ऐकते त्यावरून सगळ्यांची घडण बरीचशी सारखी आहे.

आम्ही फोंड्याजवळ राहतो. लेक बारावी सायन्सला, गोवा बोर्ड. चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून इंग्रजी, म्हणजे आमच्या भागातल्या बऱ्याच मुलांसारखीच. गणितात हुशार म्हणावी अशी नाही, कच्चीही नाही. पन्नास-साठच्या घरात मार्क असलेली मुलगी. हा रिव्ह्यू अशाच मुलांच्या पालकांसाठी आहे. नव्वदवाल्यांना कुठलाही कोर्स चालतो. माझं स्वतःचं बी.एस्सी. गणितात, पण नोकरी बँकेत, त्यामुळे तिच्याजवळ बसायला रात्री जेवणं झाल्यावरच वेळ.

जाहिरातीत होतं, ‘१२० तासांत संपूर्ण बारावी’. एवढे पुरतात का, हा पहिला प्रश्न. आपल्याकडे अकरावी-बारावीला एनसीईआरटीचीच पुस्तकं आहेत, म्हणून मोजपट्टी म्हणून सीबीएसईचं तासांचं वाटप काढून बसले. बारावीच्या गणिताला त्यांनी २४० तासिका धरल्यात. तासिका ४० मिनिटांची धरली तर १६० तास. अकरावीलाही २४० तासिका, म्हणजे दोन वर्षांचे मिळून ३२० तास. बंगळुरूला माझी बहीण असते, तिचा मुलगा आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डात आहे. तिथल्या ॲनालिसिस अँड अप्रोचेस या गणिताच्या विषयाला वरच्या स्तरावर दोन वर्षांत २४० तास आणि खालच्या स्तरावर १५० तास ठरवून दिलेत. इंग्लंडच्या ए लेव्हल (तिथली अकरावी-बारावीच म्हणा) गणिताला ३६० तास धरतात. म्हणजे कागदावर आपण फारसे मागे नाही.

कागदावर. आमच्याकडे बारावीचं वर्ष आता एप्रिलमध्येच सुरू होतं, पण लगेच मे महिन्याची सुट्टी येते. मग चवथ (गणपती), मग दिवाळी, मधे परीक्षा, प्रॅक्टिकल्स, गॅदरिंग. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत, म्हणून डिसेंबरपर्यंत पोर्शन संपवायचाच असतो. शिकवणाऱ्यांना मी दोष देत नाही, वर्गात साठेक मुलं असतात. पण २४० तासिकांपैकी लेकीच्या वाट्याला खरोखर किती आल्या, हे तिच्या वहीतल्या तारखा बघून कळतं. नोव्हेंबरात एकेका दिवशी दोन-दोन एक्झरसाइज उरकलेल्या दिसतात.

आता कोर्स.

जे केवळ समजावून सांगायचं असतं, ते या व्हिडिओंमध्ये उत्तम आहे. मॅट्रिसेस आणि डिटरमिनंट्स लेकीने मे महिन्यात एकटीने केले, मला एकदाही हाक मारली नाही. सीबीएसईच्या वाटपात या बीजगणिताला ५० तासिका आहेत. नेटाने बसणाऱ्या मुलाला इतक्या लागत नाहीत असं माझं मत झालंय. लिनियर प्रोग्रामिंगला २० तासिका आणि ८० पैकी फक्त ५ मार्क. ते तिने एका शनिवार-रविवारी संपवलं. प्रोबॅबिलिटीत बेझचं प्रमेय शाखांची आकृती काढून इतकं स्वच्छ शिकवलंय की मीच पुन्हा बघितलं. कॉलेजात आम्हाला कुणी असं दाखवलं असतं तर!

गाडी अडली ती कॅल्क्युलसला, म्हणजे डेरिव्हेटिव्हज आणि इंटिग्रेशनला. अडणारच होती, कारण ८० पैकी ३५ मार्क तिथे आहेत, म्हणजे जवळजवळ ४४ टक्के, आणि तासिका २४० पैकी ८०, म्हणजे एक तृतीयांश. हा हिशेब उलटा आहे. बाकीच्या धड्यांतला वाचलेला वेळ इकडे वळवायला हवा. कोर्सवाल्यांनीही तो वळवलेला नाही, त्यांनी सगळ्या धड्यांना सारखंच वाढलंय.

इंटिग्रेशनबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळ्या कोर्सची खरी परीक्षा इथेच होते. तीन गणितं घ्या. छेदात तिन्हीकडे ‘एक्सचा वर्ग अधिक १’. अंशात पहिल्याला १, दुसऱ्याला एक्स, तिसऱ्याला एक्सचा वर्ग. दिसायला तीन सख्ख्या बहिणी. पहिल्याचं उत्तर टॅन इन्व्हर्स. दुसऱ्यात छेदालाच टी धरायचं, की लॉग येतो. तिसऱ्यात अंशात १ मिळवून १ वजा केला की उत्तर एक्स वजा टॅन इन्व्हर्स. कोर्समध्ये ही तिन्ही गणितं आहेत, नीट सोडवलेली आहेत, पण तीन वेगवेगळ्या व्हिडिओंत. एकाचं शीर्षक ‘स्टँडर्ड फॉर्म्युले’, दुसऱ्याचं ‘सब्स्टिट्यूशन’, वगैरे. गणित समोर येण्याआधीच पद्धत शीर्षकात सांगून टाकलेली! लेक प्रत्येक व्हिडिओनंतरची गणितं धडाधड सोडवायची आणि आम्ही दोघी खूश. मग घटक चाचणीत सगळं मिसळून आलं आणि कुठून सुरू करावं तेच सुचेना.

तेव्हा सर सुरू केले. निवृत्त शिक्षक, घरीच शिकवतात, एका वेळी पाच-सहा मुलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दीड-दीड तास. त्यांनी इंटिग्रेशन पहिल्यापासून शिकवलं नाही. ‘व्हिडिओ बघितलाय ना? मग मी परत काय सांगू?’ म्हणाले. त्यांनी एक कागद दिला, त्यावर बरीच गणितं सरमिसळ, आणि सोडवायची नाहीत. प्रत्येकाच्या पुढे फक्त पद्धत लिहायची, आणि तीच का, ते तोंडी सांगायचं. पहिल्या आठवड्यात लेक वैतागून घरी यायची. चवथीच्या सुट्टीनंतर मात्र गणिताकडे बघून आधी थांबायची सवय तिला लागली.

म्हणून तासांबद्दल माझं मत आता असं झालंय. सांगण्याचे तास आणि मुलाच्या वहीत डोकावून बसण्याचे तास, हे दोन वेगळे धरायला हवेत. सांगण्याचे तास व्हिडिओत खरोखरच आटतात. १२० हा आकडाही त्यासाठी जास्तच आहे, आणि लेक सव्वापट वेगाने बघायची. दुसऱ्या प्रकारचे तास आटत नाहीत, आणि कोर्समध्ये ते शून्य आहेत. हायर सेकंडरीच्या (आमच्याकडे अकरावी-बारावीच्या शाळेला हेच म्हणतात) २४० तासिकांत हे दोन्ही मिळून धरलेले असतात, म्हणून १६० विरुद्ध १२० ही तुलनाच चुकीची. आयबीच्या २४० तासांतही ३० तास मुलांनी स्वतः काही शोधून लिहिण्यासाठी आणि त्याच्या तयारीसाठी बाजूला काढलेले आहेत. हे भाचा सांगत होता तेव्हा मला जरा हेवाच वाटला.

‘अमर्यादित डाउट’ ही सोय असते, तिच्याबद्दल. गणिताचा फोटो टाकायचा, बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी उत्तर येतं, आणि उत्तर बरोबर असतं. तक्रार उत्तराच्या बरोबर-चूकपणाची नाही. पूर्ण सोडवलेलं गणित येतं! लेकीने पानभर काम केलेलं असतं, तिची चूक तिसऱ्या ओळीत वजाचं चिन्ह सोडल्याची असते, आणि समोरचा त्या पानाकडे न बघता स्वतःच्या पद्धतीने पहिल्यापासून गणित करून पाठवतो. ती ते उतरवून घेते आणि ‘समजलं’ म्हणते. आठ दिवसांनी त्याच जागी तेच चिन्ह पुन्हा सुटतं. सर त्या ओळीवर नुसतं बोट ठेवतात.

थ्री डायमेन्शनल जॉमेट्रीतही तेच. एकमेकींना न छेदणाऱ्या आणि समांतरही नसलेल्या दोन रेषांमधलं सर्वांत कमी अंतर. व्हिडिओत ॲनिमेशन सुंदर आहे. सूत्र पाठ झालं, पण डोळ्यासमोर काही येईना. सरांनी खराट्याचे दोन हीर काढून एक खाली, एक वर आडवा धरला आणि तिसरा दोघांना काटकोनात लावायला तिलाच सांगितलं. पाच मिनिटांचं काम.

एक गोष्ट विकत घेण्याआधी जरूर तपासा. एनसीईआरटीने २०२२-२३ मध्ये पुस्तकं कापली, तेव्हा अकरावीतून मॅथेमॅटिकल इंडक्शन गेलं. बारावीतून मीन व्हॅल्यू थिअरम, टॅन्जंट-नॉर्मल, दोन वक्रांमधलं क्षेत्रफळ, थ्री डीतलं प्लेन असं बरंच गेलं. आमच्या कोर्समध्ये यातले बरेच व्हिडिओ तसेच होते, ‘अभ्यासक्रमात नाही’ अशी साधी पाटीसुद्धा न लावता. ते १२० तासांतच मोजलेले. लेक प्लेनवर दोन रात्री घालवून बसली होती, पुस्तकात शोधायला गेली तेव्हा कळलं. डेमो बघताना आधी अनुक्रमणिका पुस्तकाशी जुळवून घ्या.

आणि अकरावी. सीबीएसईच्या वाटपात अकरावीच्या कॅल्क्युलसला ४० तासिका आणि ८० पैकी फक्त ८ मार्क, शिवाय लिमिट्स अँड डेरिव्हेटिव्हजचा धडा १४ पैकी बारावा. वर्ष संपत आलेलं असतं, शिकवणारे घाईत, मुलं मार्क बघून तो धडा ऑप्शनला टाकतात. बारावीचं निम्मं पुस्तक मात्र त्याच धड्यावर उभं आहे. माझ्या हातात असतं तर दोन वर्षांतले शिक्षकाचे सगळ्यात निवांत तास मी तिथे घातले असते. कोर्समधली ‘अकरावीची उजळणी’ म्हणजे सूत्रांची यादी वाचून दाखवलीय, तिचा काही उपयोग झाला नाही. साइन इन्व्हर्सच्या आत साइन दोन पाय भागिले तीन असेल तर उत्तर दोन पाय भागिले तीन नसून पाय भागिले तीन का, हे अकरावीची त्रिकोणमिती पक्की असल्याशिवाय कळत नाही, आणि उजळणीत त्याचा उल्लेखच नाही.

चाचण्या जवळजवळ सगळ्या पर्यायी उत्तरांच्या. जेईई मेनसाठी ठीक. तिथे तीन तासांत ७५ प्रश्न, त्यातले २५ गणिताचे, त्यामुळे वेगाची सवय होते. इंजिनियरिंगला फर्मागुडीच्या सरकारी कॉलेजात जायचं असेल तरी आता जेईईचा स्कोअर लागतो, म्हणजे ती तयारी हवीच. पण बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना मार्क असतात, आणि पायऱ्या कशा लिहायच्या हे या कोर्सने एकदाही तपासलं नाही. आम्ही गोवा बोर्डाच्या पर्वरीच्या ऑफिसातून जुन्या प्रश्नपत्रिका आणून घड्याळ लावून सोडवून घेतल्या. त्या वह्या सरांनीच बघितल्या.

किरकोळ गोष्टी भराभर सांगते. व्हिडिओ डाउनलोड होतात, पावसाळ्यात लाईट गेली तरी अडत नाही, हा मोठा फायदा. एका वेळी एकच डिव्हाइस चालतो. मोबाईलवर फळा दिसत नाही, टॅब किंवा लॅपटॉप हवाच. शिकवणं हिंदी-इंग्रजी मिश्र, लेकीला अडचण आली नाही. फी सरांच्या वर्षाच्या फीच्या साधारण निम्मी.

मला विचाराल तर मध्यम मुलासाठी हायर सेकंडरीचे तास, शिकवणं समजून घ्यायला असा एखादा कोर्स, आणि आठवड्याला तीनेक तास वही बघणारं माणूस, एवढं पुरतं. ते माणूस ट्युशनचं असायला हवं असंही नाही. घरात काका, मोठी बहीण, शेजारचा इंजिनियर कुणी असेल तर फी वाचवा. पैसे दोन्हींना पुरत नसतील तर कोर्स सोडा, माणूस ठेवा. सांगण्याचा भाग पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणांवरही बराच भागतो, आणि एनसीईआरटीच्या साइटवर पुस्तक फुकट आहे.

पाचपैकी तीन स्टार देतेय. अर्धा जास्त दिला असता, पण व्हॅलिडिटी ३१ मार्चला संपते आणि जेईई मेनचं दुसरं सत्र एप्रिलमध्ये असतं. मुदत वाढवून मागितली तर नव्याने पैसे भरा म्हणाले. घेणार असाल तर हे आधी लेखी विचारून घ्या.