सामन्याआधी जोशपूर्ण भाषण की स्वतःचा ठरलेला क्रम?

भाषणाने अंगात वीज संचारते, यात वाद नाही. रस्सीखेच, वजन उचलणं, छोटी धाव अशा ताकदीच्या खेळांत ती कामीही येते. पण नेमबाजीत किंवा बास्केटबॉलच्या फ्री थ्रोला (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीला) हात स्थिर लागतो. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांना १९०८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की विजेचा झटका एका हद्दीपर्यंतच शिकायला मदत करतो आणि काम अवघड असेल तर ती हद्द लवकर येते; माणसाच्या उत्तेजनेचंही तसंच असतं, असा अर्थ पुढे त्यातून काढला गेला. आधीच घाबरलेल्या पोराला 'आज हरायचं नाही!' असं ओरडून सांगणं म्हणजे आगीत तेल ओतणं.

ठरलेला क्रम म्हणजे काय? फ्री थ्रोचंच घ्या: चेंडूचे दोन टप्पे, एक लांब श्वास, नजर रिंगच्या कडेवर, आणि फेक. 'चुकलं तर?' या विचाराला मध्ये शिरायला फट उरत नाही. अर्थात, सरावात रोज केला तरच तो सामन्यात साथ देतो. ऐन वेळी शिकवून उपयोग नाही.

शालेय वयात माझा कौल क्रमालाच. भाषण हवंच असेल तर मिनिटभराचं पुरे, आणि त्यात निकालाऐवजी पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं तेवढंच सांगावं. धडधड होत असेल तर 'शांत हो' म्हणण्यापेक्षा 'ही उत्सुकता आहे' म्हणावं, हे मुलांना पटकन पटतं.

शिवाय बदली खेळाडूचा विचार कुणी करत नाही. भाषण ऐकून तो अर्धा सामना बाकावर बसतो, जोश ओसरतो, आणि मग अचानक त्याचं नाव पुकारलं जातं. तेव्हा हाताशी असतो तो फक्त त्याचा क्रम.