लहान मुलांसाठी फ्रेंच: ठेक्यातली यमकं, पारंपरिक गाणी की ओळखीच्या चालीवरची रूपांतरं?

मुलाच्या कानावर फ्रेंच घालायचं ठरलं की पुढे तीन वाटा दिसतात. पहिली 'कोंतीन'ची, म्हणजे ठेक्यात बोलायच्या चिमुकल्या यमकांची. हा शब्दच 'कोंते' म्हणजे मोजणे या क्रियापदावरून आला आहे. राज्य कोणावर हे ठरवायला फ्रेंच मुलं अशीच यमकं म्हणतात. दुसरी वाट 'फ्रेर जाक'सारख्या (झोपलेल्या जाकभाऊला घंटा वाजवायला उठवायचं गाणं) सुरात गायच्या जुन्या गाण्यांची. तिसरी, इंग्रजी बालगीतांच्या त्याच चालीवर बसवलेल्या फ्रेंच शब्दांची. चाल आधीच तोंडात असते म्हणून पुष्कळ पालक तिसरीपासून सुरुवात करतात. मी मात्र ती शेवटी ठेवीन.

कोंतीनचं एक उदाहरण घेऊ. 'अँ, द, त्र्वा, नूझिरों ओ ब्वा'. एक, दोन, तीन, आम्ही जाऊ रानात. एवढ्याशा ओळीत किती काय आहे पाहा. 'नू' म्हणजे आम्ही आणि 'इरों' म्हणजे जाऊ. 'नू'च्या शेवटी लिहिलेलं अक्षर एरवी मुकं असतं, पण पुढे स्वर आला की 'झ'सारखं वाजतं आणि दोन्ही शब्द एकमेकांना चिकटतात. मोठ्या माणसाला हा नियम पुस्तकातून शिकून, विसरून, पुन्हा शिकावा लागतो. मूल 'नूझिरों' हा एकच घास समजून गिळतं, आणि ते अगदी बरोबर असतं. पुढे 'सेत, उइत, नफ, दाँ मों पान्ये नफ' येतं: सात, आठ, नऊ, माझ्या नव्या टोपलीत. 'नफ' म्हणजे नऊ आणि 'नफ' म्हणजे नवासुद्धा. आपल्याकडे 'नऊ' आणि 'नवा' शेजारी राहतात, तिथे ते एकाच घरात राहतात. मराठी मुलाला ही गंमत लगेच कळते.

कोंतीनला मी पहिला मान देते त्याचं आणखी एक कारण म्हणजे तिचा वेग. ती बोलण्याच्या जवळ असते. गाण्यात तसं नसतं. 'फ्रेर' हा शब्द बोलताना एकाच झटक्यात संपतो, पण गाण्यात त्याच्या शेवटचा मुका स्वर जागा होतो आणि 'फ्रे-र' असे दोन सूर लागतात. 'जाक'चंही तेच. म्हणून गाणं शिकवलंत तर तीच ओळ एकदा नुसती बोलूनही दाखवा, नाहीतर बोलतानाही शब्दांना हे शेपूट राहील.

सुराची ताकद मात्र मोठी आहे. महिनाभर न म्हटलेलं गाणं चाल लागताच परत येतं. 'फ्रेर जाक'च्या शेवटी घंटानाद येतो, आणि ज्या पाठात तो 'दँ, दाँ, दों' असा आहे तो मला फार प्रिय आहे, कारण तीन वेगळे नाकातले स्वर तिथे ओळीने उभे आहेत. मराठीत 'चंपा', 'गंध' म्हणताना अनुस्वारासाठी ओठ मिटतात किंवा जीभ टेकते. इथे काहीच मिटायचं नाही, हवा तोंडातून आणि नाकातून एकदम सोडायची. मुलं हे घंटा वाजवता वाजवता साधतात.

शब्दसंपत्तीचं म्हणाल तर या गाण्यापासून फार अपेक्षा नको. सकाळच्या प्रार्थनेची घंटा रोजच्या बोलण्यात कुठे येणार? शिवाय 'दोर्मे व्हू' म्हणजे 'झोपलात का?'. खेळातल्या मित्राला मूल 'त्यू दोर' म्हणेल, 'झोपलास का?'. अहो-जाहो आणि अरे-तुरे मराठी घरात माहीत असतंच, तेव्हा दोन्ही रूपं शेजारी ठेवून सांगा.

पारंपरिक गाण्यांत माझी निवड कोबी लावण्याच्या गाण्याची. कोबी बोटाने लावतात, पायाने लावतात, कोपराने, गुडघ्याने, नाकाने लावतात! वाक्याचा सांगाडा तोच राहतो, फक्त अवयव बदलतो: 'आव्हेक ल द्वा' म्हणजे बोटाने, 'आव्हेक ल पिए' म्हणजे पायाने. नामासोबत त्याचं 'ल' (पुल्लिंगी नामाआधी लागणारा छोटासा शब्द) न सांगता पाठ होतं, आणि शब्दाचा अर्थ कृतीतूनच कळतो. 'आलुएत'मध्येही अवयव आहेत, पण तिथे चंडोलाची पिसं उपटायची आहेत. हळव्या मुलाला त्याचा अर्थ सांगायचा की नाही, हे आधी ठरवा.

आता तिसरी वाट. फ्रेंच बोलताना जोर सहसा शब्दसमूहाच्या शेवटी पडतो, इंग्रजीत शब्दागणिक जागा बदलतो. इंग्रजी चालीत फ्रेंच कोंबलं की जोर नको तिथे बसतो, आणि कानाला लागलेली चुकीची लय काढणं अवघड जातं. लाजाळू मुलाला तोंड उघडायला लावण्यापुरती ही गाणी चांगली. एक अपवाद आहे. 'ट्विंकल ट्विंकल'ची चाल मुळात फ्रेंचच, अठराव्या शतकातली. संगीतकार मोझार्टने पियानोसाठी तिची 12 वेगवेगळी रूपं रचली. तिचे जुने फ्रेंच शब्द ताऱ्याविषयी नाहीत, त्यात एक मूल आईपाशी बाबांची तक्रार करतं. तेच शब्द घ्या.

मांडीवरचं बाळ असेल तर हातांच्या बाहुल्या नाचवायचं 'एँसी फों, फों, फों' पुरेसं आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मोजणीची यमकं खेळात लागतात, म्हणून टिकतात.

तुम्हाला स्वतःला फ्रेंच येत नसेल तर फ्रेंच भाषकाचं ध्वनिमुद्रण लावा आणि सोबत म्हणा; शक्यतो पडद्याशिवाय. आणि छापील ओळी दाखवायची घाई करू नका. 'ब्वा' रोमन अक्षरांत पाहिलं की इंग्रजी वाचणारं मूल 'बॉइस' म्हणू लागतं.

यमक रुजलं का, हे पाहायला परीक्षा नको. 'अँ, द, त्र्वा, नूझिरों ओ...' एवढं म्हणून थांबा. मूल 'ब्वा' म्हणालं की पुढची ओळ घ्या.