पंचेचाळीस दांड्यांची पेटी

मोजणीची म्हणून विकली जाणारी बहुतेक खेळणी मुलांकडून एक ते शंभर घडाघडा म्हणवून घेण्यातच धन्यता मानतात. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांच्या साधनांपैकी ही लाकडी पेटी त्याच्या आधीची पायरी हाताळते, म्हणून चार वर्षांच्या नातीसाठी मी ती साडेसहाशे रुपयांना घेतली. शून्य ते नऊ असे दहा कप्पे आणि चरख्याच्या चातीसारख्या, टोकांना निमुळत्या ४५ दांड्या, एवढाच तिचा पसारा आहे.

कप्प्यावर जो अंक असेल तितक्या दांड्या मोजून मुठीत धरायच्या, रबर लावून त्यांची जुडी करायची आणि ती कप्प्यात ठेवायची. या जुडीमुळेच 'पाच' म्हणजे पाचवी दांडी नव्हे, तर हातातल्या सगळ्या मिळून पाच, हे मुलांना उमगते. त्याआधी "किती आहेत?" असे विचारले की नात उत्तर देण्याऐवजी पुन्हा एकपासून मोजू लागत असे. शून्याचा कप्पा रिकामा ठेवणे तिला फार दिवस अन्यायाचे वाटले आणि त्यात ती हळूच एक दांडी सरकवत असे.

कुठे चुकले तर शेवटी नऊच्या कप्प्यापाशी दांड्या कमी पडतात किंवा उरतात, त्यामुळे मोठ्यांना सहसा टोकावे लागत नाही. आमच्या पेटीत मात्र ४४ दांड्या निघाल्या. नातीने बिनचूक मोजूनही नऊला एक कमी पडली आणि ती रडकुंडीला आली. दुकानदाराने पेटी बदलून दिली, तरी या साधनात एक दांडी कमी असणे म्हणजे साधनच खोटे ठरणे होय. तेव्हा घरी नेण्यापूर्वी दुकानातच मोजून घ्यावे.

कुठे जास्त, कुठे कमी अशा तुलनेसाठी पेटीत वेगळी सोय नाही. मी सहा-सहा दांड्यांच्या दोन ओळी मांडल्या, त्यांतली एक पसरून ठेवली, तेव्हा नातीने पसरलेल्या ओळीत जास्त दांड्या असल्याचे ठामपणे सांगितले. या वयाच्या मुलांचे हेच उत्तर स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनीही नोंदवले होते. त्यावर वाद न घालता एकेकीसमोर एकेक दांडी तिलाच लावायला दिली, तर हळूहळू फरक पडतो.

एवढा खर्च करायचा नसेल, तर ४५ चिंचोके आणि दहा वाट्यांवरही काम भागते. फक्त चिंचोक्यांची जुडी बांधता येत नाही आणि मुलाचे ते नाकात घालण्याचे वय सरलेले असावे लागते.