पोकरचे सुरुवातीचे हात सांगणारे ॲप : वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या मंगळवारी सकाळी माझ्या खात्यातून १,४९९ रुपये वळते झाल्याचा बँकेचा संदेश आला आणि तेव्हा लक्षात आले की हे ॲप घेऊन वर्ष उलटले. वर्गणी आपोआप पुढे चालू राहते हे कुठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेले असणार. त्यात थोडी चूक माझीही आहे. माझी खरी तक्रार हिरव्या रंगाबद्दल आहे.

हातातल्या दोन पानांवर खेळावे की नाही, हे ॲप एका तक्त्यात रंगांनी दाखवते. असे तक्ते पाहणाऱ्यांना रचना ठाऊक असेलच : तेरा बाय तेराची जाळी, १६९ चौकटी, कर्णावर जोड्या, वरच्या बाजूला सूटेड हात (दोन्ही पाने एकाच चिन्हाची, तीन पत्तीच्या भाषेत 'कलरचे') आणि खाली ऑफसूट (वेगवेगळ्या चिन्हांची). या ॲपमध्ये गडद हिरवा म्हणजे कोणत्याही जागेवरून रेझ (बोली वाढवणे) आणि फिकट हिरवा म्हणजे फक्त बटणाच्या (पाने वाटणाऱ्याच्या जागेच्या) आसपासच्या जागांवरून. आमचा सहा जणांचा शनिवारचा डाव एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत, पिवळ्या बल्बखाली रंगतो, आणि त्या उजेडात हे दोन हिरवे वेगळे ओळखून दाखवणाऱ्याला मी माझे सगळे चिंचोके द्यायला तयार आहे. (आम्ही पैशांनी खेळत नाही, प्रत्येकी शंभर चिंचोके, ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्याआधी दोघांनी लावायचे चिंचोके, एक आणि दोन.)

चौथ्या महिन्यात, नवखा म्हणून मोबाईल पाहण्याची मुभा असताना, पहिले बोलायची पाळी माझी होती आणि हातात इस्पिकचा एक्का व चौकटचा गुलाम होता. मी तक्त्यातली चौकट गडद समजलो आणि सहा चिंचोके टाकले. बटणावरच्या मित्राने तेवढेच लावून कॉल केला. फ्लॉपवर, म्हणजे सगळ्यांसाठी उघडल्या जाणाऱ्या पहिल्या तीन पानांत, एक्का, अठ्ठी, तिर्री पडली. मी आठ, मग अठरा, मग बत्तीस लावत गेलो आणि तो शांतपणे देत गेला. शेवटी त्याने एक्का-राणी उघडली. एकूण चौसष्ट चिंचोके गेले. घरी जाऊन दिव्याखाली पाहिले, तर चौकट फिकट हिरवी होती.

एक्का-गुलाम ऑफसूट बारा प्रकारांनी येतो आणि दोन पानांचे एकूण प्रकार १,३२६ आहेत, म्हणजे तो साधारण ११० डावांत एकदा येतो; सहा जणांत मी नेमका पहिल्या जागेवर असताना तो येण्याचा योग सुमारे ६६३ डावांत एकदा. आमच्या वेगाने हे दोन महिन्यांतून एकदा झाले. एवढ्यासाठी इतका त्रागा कशाला, असे घरात विचारले गेले आहे. पण याच हिशेबामुळे एक गोष्ट कळली, जी ॲप कुठेच सांगत नाही : जाळीतल्या चौकटी दिसतात सारख्या, पण जोडीची चौकट सहा प्रकारांची, सूटेड चार प्रकारांची आणि ऑफसूट बारा प्रकारांची असते. खालच्या बाजूची एक चूक वरच्या बाजूच्या चुकीपेक्षा तिप्पट वेळा समोर येते, आणि रंगांचा सगळा गोंधळ खालच्याच बाजूला आहे.

इथवरचे मी सातव्या महिन्यात लिहून ठेवले होते. त्यानंतर एका शनिवारी खुर्च्या मोजल्या आणि थोडा वरमलो. तक्ता नऊ जणांचा होता, आम्ही सहा. नऊ जणांत पहिल्याच्या मागे आठ जण बोलायचे असतात, आमच्याकडे पाच. म्हणजे आमची पहिली जागा त्यांच्या चौथ्या जागेच्या बरोबरीची, आणि तिथून एक्का-गुलामाने रेझ करणे योग्यच असते. रंग चुकीचा वाचून मी बरोबर खेळलो होतो. चिंचोके गेले ते गुलामाच्या किकरवर (जोडीबाहेरच्या पानावर, जे त्याच्या राणीपुढे हलके होते) तीनदा लावल्यामुळे, आणि त्याचा दोष ॲपला देता येत नाही. सहा जणांचा तक्ता मात्र महागड्या वर्गणीत आहे, हे मला खुर्च्या मोजल्यावरच समजले.

फायदा झाला, हे नाकारत नाही. दिवाळीत तीन पत्ती खेळून वाढलेला माणूस हातात एक्का दिसला की सोडत नाही. एक्का-सहा ऑफसूट पहिल्या जागेवरून मुकाट्याने फोल्ड करायला, म्हणजे टाकून द्यायला, मला पाच महिने लागले. 'कलरची' पाने म्हणून काहीही खेळण्याची खोडही गेली, कारण फ्लॉपवरच फ्लश (एकाच चिन्हाची पाच पाने) पूर्ण होण्याची शक्यता एका टक्क्याहूनही कमी आहे. छोट्या जोड्या मी आता स्वस्तात मिळाल्या तरच खेळतो. फ्लॉपवर सेट (जोडीला तसेच तिसरे पान) साधारण साडेआठ वेळांत एकदा लागतो. आमच्यातला एक मित्र दश्शी-दुर्री सोडत नाही, कारण अमेरिकन पोकरपटू डॉयल ब्रन्सनने १९७६ आणि १९७७ अशी दोन्ही वर्षे पोकरच्या जागतिक स्पर्धेचा शेवटचा डाव त्याच पानांवर जिंकला. त्याला कोणताही तक्ता लागू पडत नाही.

रंगांऐवजी चौकटीत अक्षरे द्यावीत, असे मी कंपनीला तीनदा लिहिले. तिन्ही वेळा एकच उत्तर आले : स्क्रीनचा उजेड वाढवून पाहा. वर्गणी परत मागितली, तर मुदत अठ्ठेचाळीस तासांची होती आणि मी पन्नासाव्या तासाला लिहिले होते. आता पुतण्याच्या वहीतल्या आलेखाच्या कागदावर तेरा बाय तेरा आखून, सहा जणांच्या हिशेबाने 'रे' आणि 'फो' अशी अक्षरे लिहिली आहेत. झेरॉक्स दोन रुपयांत झाली, आणि पिवळ्या बल्बखाली ती स्वच्छ वाचता येते.