शकीरा स्पॅनिशमधून ऐकायची, तर आधी कोणता अल्बम?

'पिएस देस्काल्सोस' (१९९५) की 'दोंदे एस्तान लोस लाद्रोनेस?' (१९९८)? पहिला तिने अठराव्या वर्षी आणला. गिटारवर पेललेली, मोकळी गाणी. 'एस्तोय आकी'त शब्द इतके भरभर येतात की ती श्वास कधी घेते तेच कळत नाही.

दुसऱ्याची जन्मकथाच वेगळी. बोगोटाच्या विमानतळावर नव्या गाण्यांचे शब्द असलेली बॅग चोरीला गेली. तिने पुन्हा लिहायला घेतलं आणि अल्बमच्या नावातच विचारलं, 'चोर कुठे आहेत?' निर्मितीत लॅटिन पॉपचे नामवंत निर्माते एमिलियो एस्तेफान आले, ध्वनी भरदार झाला. 'सिएगा, सोर्दोमुदा'त मेक्सिकन ट्रम्पेट आहेत, तर 'ओखोस आसी'त चक्क अरबी ओळी. वडिलांकडचा लेबनानी वारसा तिथे गळ्यातून उतरतो, आणि अंगावर काटा येतो.

माझं मत दुसऱ्यालाच. 'आन्तोलोखिया' या गाण्यासाठी मात्र पहिल्याकडेच जावं लागतं.