कॉर्पोरेट लॉमध्ये एलएलएम: लंडन की सिंगापूर?

एलएलबी झालं, सनद मिळाली, कोर्टापेक्षा कंपन्यांच्या कामात रस आहे आणि बाहेर जाऊन एलएलएम करायचंय. अशांपुढे बहुतेकदा हीच दोन शहरं असतात. दोन्हीकडे एका वर्षाचा अभ्यासक्रम आणि दोन्हीकडचा कायदा आपल्यासारखाच कॉमन लॉच्या, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या इंग्रजी कायद्याच्या, परंपरेतला.

लंडनमध्ये यूसीएल, किंग्ज, क्वीन मेरी अशा विद्यापीठांचे बरेच पर्याय आहेत आणि कंपनी कायद्याचा पाया तिथे फार चांगला पक्का होतो. कंपनी नेमकी कुणासाठी चालवायची, हा प्रश्न घ्या. ब्रिटनच्या २००६ च्या कायद्याचं कलम १७२ संचालकांना सभासदांचं हित साधायला सांगतं. कामगार आणि समाज यांचा तसं करताना फक्त विचार करायचा. आपल्या २०१३ च्या कायद्यातलं कलम १६६ मात्र कंपनी, कर्मचारी, भागधारक, समाज आणि पर्यावरण यांची नावं एकाच दमात घेतं. ही दोन कलमं शेजारी ठेवून वाचली की आपलाच कायदा नव्याने कळतो.

लंडनचा दुसरा फायदा परवान्याचा. नुसत्या एलएलएमवर कुणी सॉलिसिटर, म्हणजे तिथला परवानाधारक वकील, होत नाही, पण सनदधारक भारतीय वकिलाला एसक्यूई या सॉलिसिटरांच्या पात्रता परीक्षेचे दोन टप्पे पार करून ती वाट खुली आहे. दोन वर्षांच्या उमेदवारीची अटही त्याला नाही. सिंगापूरमध्ये भारतीय एलएलबीवर एनयूएस या तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाचं एलएलएम चढवलं, तरी तिथली वकिली सनद मिळत नाही.

तरीही मुंबईत परतून काम करायचं असेल, तर माझं मत सिंगापूरला. भारतीय कंपन्यांच्या परदेशी भागीदारांशी होणाऱ्या करारांत वाद झाल्यास तो कोर्टाबाहेर तिथल्या आंतरराष्ट्रीय लवाद केंद्राच्या, सिॲकच्या, नियमांनी सोडवायचा, असं कलम सर्रास दिसतं. या केंद्राने २०१३ मध्ये मुंबईत कार्यालयही उघडलं. फ्युचर समूहाचा व्यवसाय रिलायन्सला विकायला ॲमेझॉनने हरकत घेतली, तो वाद आठवा: लवादाचं स्थान दिल्ली, नियम सिॲकचे. तिथल्या आपत्कालीन लवादाने (मुख्य लवाद नेमला जाण्याआधी तातडीच्या आदेशासाठी नेमलेल्या) ऑक्टोबर २०२० मध्ये दिलेला आदेश भारतात लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं. अशा फायली ज्यांना हाताळायच्या आहेत, त्यांना सिंगापूरचं वर्ष थेट उपयोगी पडतं.

पैशाचं गणित मात्र आधी मांडा. शिक्षण संपल्यावर ब्रिटनमध्ये राहून काम शोधायला मिळणारी मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी दीड वर्षच आहे. तेवढ्यात तिथली नोकरी मिळून कर्ज फिटेल, या भरवशावर घरावर बोजा चढवू नका. पदवी झाल्याझाल्या निघण्यापेक्षा दोन वर्षं एखाद्या फर्ममध्ये किंवा कंपनीच्या लीगल विभागात काढा. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीलाही साधारण तेवढा अनुभव लागतोच. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जरूर पाहावी.

पुढे प्राध्यापकी करायची असेल, तर परदेशातलं एका वर्षाचं एलएलएम इथे ग्राह्य धरतील का, हे फी भरण्यापूर्वी बार कौन्सिल आणि विद्यापीठाकडून लेखी घ्या.