गाडीतला एलएसडी झकास, पण त्या सीलचं काय?

आज गाडीखालच्या पुठ्ठ्यावर गिअरबॉक्समधून गळलेल्या तेलाचा अजून एक ठिपका. बॉलपेनने तारीख टाकली, हा सहावा. म्हणून लिहायला बसलो.

गाडी होंडा सिव्हिक टाइप आर, एफएन२ पिढीतली, सुरुवातीची, म्हणजे कारखान्यातून एलएसडी (दोन चाकांत ताकद वाटताना एकच चाक भिरभिरू न देणारा डिफरेन्शियल) नसलेली. इथे इंग्लंडात ओल्या राउंडअबाउटवरून दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना आतलं चाक नुसतं भिरभिरायचं. सात महिन्यांपूर्वी क्वाइफ कंपनीचा एटीबी नावाचा एलएसडी बसवला, हेलिकल, म्हणजे तिरक्या दातांच्या गिअरवर चालणारा. प्लेटवाला वापरलेला स्वस्तात मिळत होता, पण प्लेटा झिजणार, पार्किंगमध्ये वळवताना कटकट वाजणार आणि दुरुस्तीला गिअरबॉक्स पुन्हा खाली. मजुरी दोनदा मोजणाऱ्यातला मी नाही. यात होंडाचं नेहमीचंच गिअर ऑइल चालतं.

पहिल्या महिन्यात वाटलं, पैसे पाण्यात. खडबडीत रस्त्यावर जोरात दाबलं की स्टिअरिंग हातातून ओढलं जायचं. पुढचे दोन टायर दोन कंपन्यांचे होते, हा माझाच कंजूषपणा. जोडी सारखी केली, ओढ बरीच कमी झाली.

दुसरी धास्ती चाक उचललं जाण्याची. पकड असलेल्या चाकाला हेलिकल दुसऱ्याच्या दोन-तीन पट टॉर्क (फिरवणारा जोर) देतो; दुसरं हवेत असेल तर शून्याची तिप्पट शून्यच. मग ब्रँड्स हॅचच्या रेस ट्रॅकवर गेलो. मित्राने तिथल्या ड्रुइड्स नावाच्या हेअरपिन वळणावर फोटो काढला, त्यात आतलं चाक हवेत आहे खरं, पण मागचं! डिफरेन्शियल तर पुढच्या चाकांत. उगाच झोप घालवली होती. आता तिथून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर खूप लवकर दाबता येतो आणि गाडीचं नाक बाहेर पळायच्या ऐवजी आत खेचलं जातं. त्या एका वळणासाठी सगळा खर्च माफ.

सील माफ नाही. गिअरबॉक्स काढताना ड्राइव्हशाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे) निघतातच, तेव्हा तिथून तेल गळू न देणारं ऑइल सील नवीन टाकायचं असतं. गॅरेजवाला म्हणाला, ‘‘जुनं चांगलं होतं, तेच ठेवलं.’’ दहा पौंडांच्या आतली वस्तू! आता बदलायची तर पुन्हा मजुरी मागतो. क्लच त्याच वेळी बदला म्हणाला होता, ते मी ऐकलं नाही, हेही कबूल. पण सीलबद्दल मला विचारलं कोणी?

बायको म्हणते, सहा थेंबांसाठी किती चघळशील. सील आणि दीड लिटर तेल कालच आणलंय. शनिवारी पाऊस नसेल तर शाफ्ट मीच काढतो. तोवर पुठ्ठा तिथेच.